पाच मांजरे, दोन ट्रे आणि पावसाळा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घर शहापुरातील एका जुन्या वाड्यात आहे. घरात दोन बोके आणि तीन भाट्या अशी पाच मांजरे आहेत. उन्हाळ्यात ती मागच्या परड्यात जातात, त्यामुळे फारसा त्रास जाणवत नाही. पण मृग लागला की ती बाहेर पाऊल टाकत नाहीत आणि जिन्याखाली शेजारी-शेजारी ठेवलेल्या, मांजरांच्या मलमूत्रासाठी लिटर (ओल शोषणारी दाणेदार माती) घातलेल्या दोन ट्रेंवर सगळा भार येतो. आम्ही एक दिवसाआड ट्रे साफ करतो, फरशी रोज फिनाईलने पुसतो, संध्याकाळी कापूर व धूप लावतो. तरीही दार उघडताच वास नाकात शिरतो आणि तो देवघरापर्यंत येतो अशी सासूबाईंची तक्रार आहे. मांजरे कमी करावीत असा घरात सूर निघू लागला आहे. काय करावे?
एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : मांजरे कमी करण्याची वेळ अजून आलेली नाही. आपल्या पत्रात वासाचे कारणही आहे आणि त्यावर आपण करीत असलेले उपायही आहेत. अडचण एवढीच की उपाय कारणापर्यंत पोहोचत नाहीत. वास ट्रेमध्ये तयार होतो आणि फिनाईल फरशीवर पडते, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला आहे.

मांजराच्या मूत्रपिंडांची ठेवण पाणी राखून ठेवणाऱ्या प्राण्याची आहे, त्यामुळे त्याचे मूत्र अतिशय घट्ट असते आणि त्यात युरियाचे प्रमाण भरपूर असते. मूत्र ताजे असताना त्याला तीव्र वास नसतो. ट्रेमध्ये पडून राहिलेल्या मूत्रातील युरियाचे जिवाणू विघटन करतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि डोळ्यांना झोंबणारा जो वास आपल्याला येतो तो मुख्यतः या अमोनियाचा असतो. ओल आणि ऊब असली की हे काम वेगाने चालते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे लिटर नीट वाळत नाही, खिडक्या बंद असतात आणि जिन्याखालच्या कोंदट जागेत हवा हलत नाही, म्हणून तोच ट्रे एप्रिलमध्ये सुसह्य आणि जुलैमध्ये असह्य होतो. याखेरीज मांजराच्या मूत्रात फेलिनीन नावाचे एक अमिनो आम्ल असते. त्याचे विघटन झाले की गंधकयुक्त संयुगे तयार होतात आणि ‘बोक्याचा वास’ म्हणून जो उग्र दर्प ओळखला जातो तो त्यांचा असतो. खच्चीकरण न झालेल्या बोक्यांमध्ये फेलिनीन सर्वांत जास्त असते. आपले दोन्ही बोके तसे असतील, तर निम्मा प्रश्न तेथेच आहे आणि त्याकडे आपण पुढे वळू.

सर्वांत आधी फिनाईल आणि कापूर बंद करावा अशी आमची आग्रहाची सूचना आहे, आणि ती केवळ वासासाठी नाही. फिनॉल वर्गातील द्रव्ये शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया माणसात आणि कुत्र्यात सहज चालते, ती मांजरात फार अपुरी असते. फरशीवरून चालताना पंजांना लागलेले फिनाईल मांजर चाटून पोटात घेते. पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी जंतुनाशके मांजराच्या घरात आणू नयेत, हा लक्षात ठेवण्यास सोपा नियम आहे. कापूर, कपाटातील डांबराच्या गोळ्या, निलगिरीचे व इतर सुगंधी तेल हेही मांजरांना विषारी आहेत. धूप आणि उदबत्तीचा धूर देवघरापुरता ठेवावा, ट्रेपाशी लावू नये. त्याने मांजराची श्वासनलिका चुरचुरते आणि ट्रेची जागा त्याला नकोशी होते. एकदा नकोशी झालेली जागा मांजर सोडते आणि कोपरा, पायपुसणे किंवा धुण्याचा ढीग शोधते. वास झाकण्याचा प्रयत्न अशा रीतीने वास वाढवतो, हे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून वारंवार दिसते.

आता ट्रेंची संख्या. मांजरांच्या संख्येत एक मिळवून जो आकडा येतो तितके ट्रे असावेत, असा पशुवैद्यकांचा सर्वमान्य सल्ला आहे. आपल्याकडे तो आकडा सहा होतो. सहा ट्रे हे ऐकूनच सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडतील याची आम्हाला कल्पना आहे. जागा खरोखरच नसेल तर चार ट्रे चार निरनिराळ्या ठिकाणी ठेवून दिवसातून तीन वेळा साफ करावेत, त्यावर बहुतेक घरांचे निभावते. ठिकाणे निरनिराळी असणे मात्र महत्त्वाचे आहे, कारण शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या दृष्टीने एकच जागा असते. जिन्याखालची जागा एकाच बाजूने उघडी असते. तेथे एक दांडगा बोका तोंडाशी बसला की उरलेल्या भाट्यांना आत जाण्याचे धाडस होत नाही आणि त्या दुसरीकडे सोय पाहतात. मागची पडवी, माडीवरील गॅलरी, न्हाणीघराबाहेरचा बोळ अशा, हवा खेळणाऱ्या पण वर्दळ नसलेल्या जागा निवडाव्यात. खाण्याच्या ताटल्या आणि पाण्याची भांडी तेथून दूर असावीत. ज्या खोलीत दोन ट्रे ठेवणे भागच आहे, तेथे हवा बाहेर फेकणारा एक लहान पंखा बसवला तर पावसाळ्यात त्याचा फार उपयोग होतो.

दुकानात ‘मांजरासाठी’ म्हणून मिळणारे ट्रे बहुधा लहान असतात. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी. अंथरुणे ठेवण्याचा प्लॅस्टिकचा मोठा खोका एका बाजूने कापून घेतला तरी उत्तम ट्रे होतो. झाकण असलेले घुमटीसारखे ट्रे आमच्या मते अनेक मांजरांच्या घरात घेऊ नयेत. माणसाला वास कमी येतो खरा, परंतु आत अमोनिया कोंडून राहतो आणि आत शिरणाऱ्या मांजराला तो सहन करावा लागतो. शिवाय जे दिसत नाही ते साफ करायचे राहून जाते.

लिटर बेंटोनाइटचे, ढेकूळ बांधणारे आणि बिनवासाचे घ्यावे. बेंटोनाइट ही गुजरातमधील कच्छ आणि राजस्थानातील बाडमेर भागांत निघणारी माती आहे. तिचा सोडियमयुक्त प्रकार पाणी शोषून अनेक पटींनी फुगतो आणि मूत्राभोवती घट्ट ढेकूळ बांधतो. उद्यमबागेतील फौंड्रीत साचे बांधण्यासाठी बेंटोनाइट येते, ते पोत्याने आणून वापरता येईल का, असे मागे एका वाचकांनी विचारले होते. वापरू नये. फौंड्रीतील बेंटोनाइट बारीक पूड असते, ती उकरताच धुरळा उडतो आणि मांजराच्या व आपल्या फुप्फुसांत जातो. साचे मोडून उरलेल्या वाळूत तर कोळशाची भुकटी आणि सिलिकाही मिसळलेली असते. लिटरसाठी दाणेदार, धूळ काढलेला माल लागतो. फार लहान पिल्ले घरात असतील तर ती मोठी होईपर्यंत ढेकूळ बांधणारे लिटर त्यांच्या ट्रेमध्ये घालू नये, कारण ती ते तोंडात घेतात.

लिटरचा थर सुमारे तीन इंच असावा. काटकसर म्हणून एक इंचच थर घातला की मूत्र थेट तळाला पोहोचते, तेथे प्लॅस्टिकला चिकटून चिखल होतो आणि तो खरवडताना ढेकूळ फुटते. फुटलेल्या ढेकळाचे बारीक कण चाळणीतून खाली पडतात, चांगल्या लिटरमध्ये मिसळतात आणि मग ट्रे कितीही वेळा साफ केला तरी वास जात नाही. म्हणून झारा वरून खुपसू नये. ट्रेच्या कडेने तळापर्यंत सरकवावा, ढेकूळ खालून अखंड उचलावे, हलकेच हलवून सुटे लिटर पडू द्यावे आणि ढेकूळ लगेच झाकणाच्या डब्यात टाकावे. मांजर नुकतेच जाऊन आले असेल तर ढेकूळ कडक होण्यासाठी थोडा वेळ द्यावा. मांजरे बहुधा कोपऱ्यातच बसतात, म्हणून चारही कोपरे पाहावेत. हे काम सकाळ-संध्याकाळ, पावसाळ्यात शक्य असल्यास रात्री झोपण्यापूर्वीही करावे. एक दिवसाआड साफसफाई पाच मांजरांना पुरणार नाही, आणि आपल्या घरातील वासाचे पहिले कारण आमच्या मते हेच आहे.

उचलले तितके नवे लिटर रोज वरून घालावे. सर्व लिटर दोन ते चार आठवड्यांनी टाकून ट्रे धुवावा. आपल्याकडे श्रावण संपेपर्यंत दोन आठवडेच धरावेत. धुण्यासाठी गरम पाणी आणि बिनवासाचा साबण पुरतो. ट्रे पूर्ण कोरडा झाल्याशिवाय त्यात लिटर घालू नये, आणि ऊन नसल्यामुळे तो वाळायला वेळ लागतो, म्हणून एक ट्रे जास्तीचा असावा. प्लॅस्टिकवर नखांचे ओरखडे पडतात आणि त्यांत वास मुरतो, त्यामुळे साधारण वर्षाने ट्रे बदलावा. स्टीलचा ट्रे मिळाल्यास हा त्रास वाचतो. खाण्याच्या सोड्याची एक मूठ तळाशी पसरण्यास हरकत नाही, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. लिटरची उघडी पिशवी हवाबंद डब्यात ठेवावी, कारण दमट हवेत ते आधीच ओल धरून बसते.

जिन्याखालच्या फरशीत मूत्र मुरले असण्याची दाट शक्यता आहे. अंधारात अतिनील प्रकाशाची लहान बॅटरी फिरवल्यास असे डाग उजळलेले दिसतात. मूत्रातील युरिक आम्लाचे क्षार साध्या पाण्याने निघत नाहीत. त्यासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण डागावर भरपूर ओतून, बाटलीवर सांगितलेला वेळ ते ओले राहू द्यावे. व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि सिरॅमिक टाइल्सवर तो ठीक आहे. परंतु जुन्या वाड्यांत शहाबादी फरशी असते, शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि आम्लाने त्याची झिलई जाऊन तो अधिक सच्छिद्र होतो. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच मूत्राच्या जागी कधीही वापरू नये. त्याचा अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात, आणि जिन्याखालच्या बंद जागेत ते पुसणाऱ्या माणसालाच बाधतात.

राहता राहिले बोके. त्यांचे खच्चीकरण आणि भाट्यांची शस्त्रक्रिया झालेली नसल्यास पावसाळा संपण्याची वाट न पाहता पशुवैद्यकांची भेट घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत बोक्याच्या मूत्राचा दर्प लक्षणीय कमी होतो आणि भिंतीवर, दाराच्या चौकटीवर फवारा मारण्याची सवय बहुतेकांची सुटते. शेपटी ताठ उभी करून, ती थरथरवत, उभ्यानेच मागे उडवलेला फवारा ही हद्द आखण्याची खूण असते. तिला ट्रेच्या स्वच्छतेने उतार पडत नाही. भिंतीवर वितीच्या उंचीवरून खाली ओघळलेले डाग दिसत असतील तर वास ट्रेचा नसून त्या भिंतीचा आहे, असे समजावे.

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या गावी विकतचे लिटर मिळत नाही आणि बेळगावहून आणणे परवडत नाही. आमच्याकडे सात मांजरे आहेत. चुलीची राख, भाताचे तूस, सॉ-मिलमधील भुसा हे सहज मिळते. यांपैकी काय वापरावे?
एक शेतकरी वाचक

उत्तर : राख वापरू नये. राखेने वास मरतो असा समज सर्वत्र आहे आणि विष्ठेच्या बाबतीत त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु राख अल्कधर्मी असते आणि अल्कधर्मी वातावरणात मूत्रातील अमोनिया अधिक वेगाने वायुरूपाने बाहेर पडतो. चुन्याचेही तसेच. शिवाय राखेने माखलेल्या पावलांचे ठसे घरभर उमटतात. या ठशांनीच विकतच्या लिटरचा जन्म झाला, ही गंमत येथे सांगण्यासारखी आहे. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एड लो या व्यावसायिकाकडे शेजारीण आपल्या मांजरासाठी वाळू मागायला आली, कारण तोवर ती वापरीत असलेल्या राखेने तिचे घर काळे होत होते. लो यांनी तिला वाळूऐवजी तेल शोषण्यासाठी कारखान्यांना विकली जाणारी दाणेदार मुलतानी मातीच्या जातीची माती दिली, आणि पुढे तोच त्यांचा धंदा झाला.

भाताचे तूस दिसायला योग्य वाटते, पण त्याच्या पृष्ठभागावर सिलिकाचा थर असल्यामुळे ते पाणी फारसे शोषत नाही. मूत्र खाली झिरपते आणि तळाशी साचते. तिन्हींपैकी भुसा बरा. तो साध्या लाकडाचा, कोरडा आणि जाडसर असावा. प्लायवूडचा किंवा रासायनिक प्रक्रिया केलेल्या लाकडाचा भुसा घेऊ नये, त्यात डिंक व कीटकनाशके असतात. भुसा ढेकूळ बांधत नाही, त्यामुळे नुसता झारा फिरवून भागत नाही; विष्ठा रोज उचलून ओला भाग पुरता काढावा आणि दोन-तीन दिवसांनी सर्व भुसा बदलावा. आपल्या भागातील पावसात भुशाला लगेच बुरशी येते, म्हणून मेअखेरीस उन्हात तापवून पोती कोरड्या माळ्यावर चढवून ठेवावीत. परड्यात छपराखाली, पाणी न शिरणाऱ्या जागी तांबड्या मातीचा एक वाफा मोकळा ठेवला, तर सात मांजरांपैकी काही आपणहून तेथे जातील आणि घरातील भार तेवढाच हलका होईल.

प्रश्न : आमच्या तीन मांजरांसाठी वास जावा म्हणून गुलाबाच्या वासाचे लिटर आणले. तेव्हापासून दोघे गादीवर घाण करतात. कोपऱ्यात तंबाखूची भुकटी टाकली तर मांजरे तेथे जात नाहीत, असे शेजारी सांगतात. तसे करावे का? शिवाय बोका गेल्या दिवसापासून ट्रेमध्ये वारंवार बसतो, पण काही होत नाही.
एक वाचक, निपाणी

उत्तर : शेवटचे वाक्य आधी घ्यावे लागेल. वारंवार बसूनही मूत्र न होणे, बोक्याच्या बाबतीत, मूत्रमार्ग तुंबल्याचे लक्षण असू शकते आणि असे झाल्यास एक-दोन दिवसांत प्राण जातो. हे वाचत असताना तो बरा असला तरी त्याला पशुवैद्यकांना दाखवावे, आणि असे पुन्हा दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

तंबाखूची भुकटी टाकू नये. निपाणीत ती घरोघरी सापडते हे खरे, पण निकोटीन मांजराला थोड्या प्रमाणातही विषारी आहे आणि पंजांवरून ते पोटात जाणारच. गुलाबाच्या वासाचे लिटर काढून पूर्वीचेच आणावे. माणसाला मंद वाटणारा सुगंध मांजराच्या नाकाला असह्य होतो. मांजरांना नव्या लिटरची सवय करायचीच असेल तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत जावे. गादी कापसाची असेल आणि मूत्र आत उतरले असेल, तर तेवढा कापूस काढून टाकण्यावाचून इलाज नाही, कारण वास राहिला तर मांजर त्याच जागी परत येईल.

प्रश्न : आमच्या मांजरांच्या विष्ठेला अलीकडे फार घाण वास येतो. आम्ही त्यांना दूध-भात आणि सुका जवळा देतो.
एक वाचक भगिनी, वडगाव

उत्तर : दूध बंद करून पाहावे. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही, पोट सैल होते आणि सैल विष्ठा झाकली जात नाही. मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. भात कमी करून शिजवलेले मांस, ताजा मासा किंवा मांजरांसाठीचा तयार आहार द्यावा, आणि जवळ्यातील मीठ लक्षात घेता तो चवीपुरताच ठेवावा. जंताचे औषध वेळेवर दिले आहे का तेही पाहावे. पंधरा दिवसांत फरक न पडल्यास विष्ठेचा नमुना तपासून घ्यावा.

प्रश्न : सूनबाईंना दिवस गेले आहेत. मांजराच्या ट्रेमुळे बाळाला धोका असतो असे ऐकले. आणि काढलेले लिटर टाकावे कोठे? संडासात टाकले तर चालेल का?
एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : धोका टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा आहे. विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची अंडी संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज ट्रे साफ होत असेल तर धोका फार कमी राहतो. ते काम या काळात घरातील दुसऱ्या कोणी करावे. तशी वेळ आलीच तर सूनबाईंनी हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. हा संसर्ग कच्चट मांस आणि न धुतलेल्या भाज्यांतूनही होतो, त्यामुळे केवळ मांजराला घराबाहेर काढून निश्चिंत होता येत नाही. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजरे आहेत एवढे अवश्य सांगावे.

बेंटोनाइट संडासात टाकू नये. ते नळात फुगून सिमेंटसारखे बसते आणि सेप्टिक टँकही निकामी करते. ढेकळे दुहेरी पिशवीत बांधून घंटागाडीत सुक्या कचऱ्याबरोबर न देता वेगळी द्यावीत, आणि ओल्या कचऱ्यापासून घरी खत करीत असाल तर त्या खड्ड्यात किंवा तुळशीच्या कुंडीत ती मिसळू नयेत. ज्यांना मोकळी जागा आहे त्यांनी भुशाचे लिटर विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यांपासून लांब, कोरड्या उंचवट्यावर खोल पुरावे.